कर्बवायू, कारखाने आणि कर्जाचे व्याज



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात असे आले असेल की, हवामान हा शास्त्रज्ञांचा प्रांत आणि व्याज हा सावकाराचा. या दोन घराण्यांची सोयरीक जमली कोठे? शंका रास्त आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बँकेच्या मोठ्या अधिकाऱ्यापुढेही हा विषय काढला असता तर त्यानेही हाच प्रश्न केला असता. आज मात्र रिझर्व्ह बँक त्यावर निबंध प्रसिद्ध करते, शेअरबाजाराचे नियंत्रण करणारी ‘सेबी’ कंपन्यांकडून त्याचा जमाखर्च मागते आणि कर्ज देण्यापूर्वी धनको कारखान्याच्या ताळेबंदाबरोबर त्याच्या धुरांड्याकडेही पाहू लागला आहे. हे का घडले, त्यात तथ्य किती आणि गाजावाजा किती, आणि सिंदी मेघेसारख्या गावात राहणाऱ्या, बँकेत चार पैसे ठेवणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय, एवढ्या तीन गोष्टींचा विचार आपण आज करू.

व्याज म्हणजे काय?

प्रथम व्याजाचा विचार करू. आपल्याकडचा जुना सावकार शेतकऱ्याला कर्ज देताना काय पाहत असे? जमीन कोरडवाहू की ओलिताची, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते की नाही, घरात बैलजोडी आहे की मागून आणतो, आणि माणूस शब्दाचा पक्का आहे की नाही. ओलिताच्या शेतकऱ्याला तो कमी दराने पैसे देई आणि कोरडवाहूवाल्याला चढ्या दराने. सावकाराच्या लोभाचा भाग सोडून दिला, तरी या फरकाच्या मुळाशी एक खरा हिशेब होता. व्याजाचा एक भाग म्हणजे पैसा इतके दिवस अडकून पडला त्याचे भाडे, आणि दुसरा भाग म्हणजे पैसा बुडण्याच्या भीतीची किंमत. पहिला भाग सर्वांना जवळजवळ सारखाच असतो. दुसरा भाग ज्याच्या त्याच्या जोखमीप्रमाणे बदलतो. सरकारला स्वस्तात कर्ज मिळते आणि नव्या कारखानदाराला महाग मिळते, याचे कारण हा दुसरा भाग.

आता कारखान्याचे कर्ज हे पेरणीच्या कर्जासारखे एका हंगामाचे नसते. वीजकेंद्र उभारले तर ते पंचवीस-तीस वर्षे चालेल असे गृहीत धरून पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्यांनी पैसे दिले जातात. म्हणजे धनकोला आजचा नफा पाहून भागत नाही. वीस वर्षांनी हा कारखाना काय करत असेल याचा अदमास घ्यावा लागतो. या लांब मुदतीमुळेच कर्बवायूचा प्रश्न बँकेच्या दारात येऊन उभा राहिला.

कर्बवायू म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नाही. कोळशापासून एक युनिट वीज तयार होते तेव्हा सुमारे एक किलो कर्बवायू हवेत जातो. झोतभट्टीतून एक टन पोलाद काढले की दोन टनांहून अधिक. सिमेंटची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे: त्यातला निम्म्याहून अधिक वायू जळणातून येत नाही, तो चुनखडीतूनच निघतो. म्हणजे सिमेंटवाल्याने कोळसा टाकून सूर्याची वीज घेतली तरी त्याची पूर्ण सुटका नाही. वीज, पोलाद आणि सिमेंट, आपल्या विदर्भातील मोठ्या कारखानदारीचे हे तीन खांब, आणि तिन्ही या वायूचे मोठे धनी.

जोखीम कोणत्या वाटेने येते?

इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचे त्या वेळचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी 29 सप्टेंबर 2015 रोजी लंडनमध्ये विमाव्यावसायिकांपुढे एक भाषण केले. त्यात त्यांनी या जोखमीचे तीन प्रकार सांगितले. निसर्गाकडून होणारे नुकसान हा पहिला. नुकसानभरपाईचे दावे हा दुसरा. आणि जग एका प्रकारच्या जळणाकडून दुसऱ्याकडे वळत असताना जुन्या मालमत्तेची किंमत उतरते, हा तिसरा. ही विभागणी सोयीची आहे. तिच्यात आपल्याकडची उदाहरणे घालून पाहू.

निसर्गाची जोखीम पाहण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. 2013 च्या फेब्रुवारीत मराठवाड्यातील दुष्काळात परळी वैजनाथचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद करावे लागले. 2015 सालीही तीच पाळी आली. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. वाफ करायला पाणी नव्हते. यंत्र थांबले तरी कर्जाचे व्याज थांबत नाही. ते रात्रीही चालते आणि रविवारीही चालते. त्या एका दुष्काळाचे खापर कर्बवायूवर फोडावे असे मी म्हणत नाही. परंतु हवा तापत जाईल तसतसे असे प्रसंग वाढतील, हे शास्त्रज्ञांचे मत आहे, आणि धनकोला त्याची दखल घ्यावीच लागते.

दाव्यांची जोखीम अमेरिकेत दिसली. कॅलिफोर्नियातील ‘पीजी अँड ई’ ही फार मोठी वीजकंपनी. सुकून कोळ झालेल्या रानात तिच्या तारांमुळे वणवे पेटले, भरपाईचे दावे डोईजड झाले आणि जानेवारी 2019 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिला कर्ज देणाऱ्यांनी तिचे हिशेब पाहिले होते. रानातल्या वाळलेल्या गवताचा हिशेब कोणी पाहिला नव्हता.

तिसरी जोखीम, म्हणजे काळ बदलल्याने मालमत्ता कुचकामी होण्याची, ही सर्वांत मोठी. तिचा हिशेब एका कल्पित कारखान्यावर मांडून पाहू. समजा, एका कारखान्यावर 1,000 कोटींचे कर्ज आहे, तो वर्षाला 10 लाख टन कर्बवायू सोडतो आणि सगळे देणे भागवून त्याला 80 कोटी उरतात. उद्या सरकारने टनामागे 500 रुपये आकार बसवला, तर 50 कोटी त्यात गेले, उरले 30. आता मालाची मागणी थोडी घटली की हप्ता चुकलाच. हे ओळखून धनकोने व्याज नुसते अर्ध्या टक्क्याने वाढवले, तर आणखी 5 कोटी गेले, उरले 25. कारखाना पूर्वीइतकाच माल काढतो आहे, कामगार तितकेच राबत आहेत, परंतु त्याची पत मात्र उतरली. कर्बवायू आणि व्याज यांची सोयरीक जमते ती अशी.

असा आकार बसणे ही कल्पनेतली गोष्ट आहे काय? आपल्या देशात 1 जुलै 2010 पासून कोळशाच्या प्रत्येक टनावर 50 रुपये उपकर बसला. 2014 साली तो 100, 2015 साली 200 आणि 2016 साली 400 रुपये झाला. सहा वर्षांत आठपट! वस्तू-सेवा कर आल्यावर त्याचे रूप पालटले, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो उपकर काढून टाकून कोळशावरील कर 5 टक्क्यांवरून 18 टक्के करण्यात आला. 2009 साली ज्या बँकेने कोळशाच्या प्रकल्पाला वीस वर्षांचे कर्ज दिले, तिने यातले काय ओळखले असेल? आकार वाढतो ही एक जोखीम. तो केव्हा वाढेल आणि केव्हा बदलेल हे न कळणे ही दुसरी, आणि पुष्कळदा तीच अधिक जाचक.

बुटीबोरीचा धडा

आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर बुटीबोरीला एक औष्णिक केंद्र आहे. ‘विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर’ या रिलायन्स पॉवरच्या उपकंपनीने ते उभारले. प्रत्येकी 300 मेगावॉटचे दोन संच, एकूण 600 मेगावॉट. वीज मुंबईला विकण्याचा करार होता. परंतु कोळशाचा खर्च वाढला, तो दरात किती धरायचा यावर वीज नियामक आयोगाशी वाद झाला, 2019 साली संच थांबले आणि करारही सुटला. कर्ज देणाऱ्या अॅक्सिस बँकेने दिवाळखोरी संहितेखाली अर्ज केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 12 जुलै 2022 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, देणे थकले एवढ्यावरून न्यायाधिकरणाने असा अर्ज दाखल करून घेतलाच पाहिजे असे नाही. त्याला तारतम्य आहे. त्या निकालावर वकीलमंडळींत पुष्कळ चर्चा झाली. पुढे 2024 साली दिवाळखोरीची कारवाई सुरू झालीच, आणि जुलै 2025 मध्ये अदानी पॉवरने ते केंद्र 4,000 कोटी रुपयांना घेतले.

या कथेतून दोन निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि दोन्ही घाईचे आहेत. पहिला असा की, हे केंद्र कर्बवायूमुळे बुडाले. तसे नाही. ते जळणाच्या खर्चाने आणि गिऱ्हाईक गेल्याने बुडाले. संसदेच्या ऊर्जाविषयक समितीने 2018 साली अडचणीतील 34 औष्णिक प्रकल्पांचा विचार केला; त्यांची एकत्र शक्ती सुमारे 40 हजार मेगावॉट होती. त्यांची दुखणीही बव्हंशी अशीच होती: कोळसा नाही, करार नाही, पैसे वेळेवर नाहीत. दुसरा घाईचा निष्कर्ष असा की, कोळशाचे युग संपले. तेही खरे नाही. संपले असते तर कोणी 4,000 कोटी मोजले नसते.

मग धडा कोणता? तो असा की, पंचवीस वर्षे अमुकच खर्च राहील आणि अमुकच गिऱ्हाईक राहील, या गृहीतावर उभारलेली मालमत्ता ते गृहीत ढळताच तारण म्हणून किती तोकडी पडते. काल जळणाच्या किमतीने जे केले, ते उद्या कर्बवायूचा आकार करू शकेल, किंवा शेजारच्या माळावर उभी राहिलेली स्वस्त सौरवीज करू शकेल. आणि बँक बुडीत खात्यात रक्कम टाकते तेव्हा ती रक्कम कोणाची असते? ठेवीदारांच्या ठेवींतून ते कर्ज गेलेले असते, आणि सरकारी बँकेला सावरण्यासाठी खजिन्यातून भांडवल घातले जाते ते करदात्याचे असते. आपण शिक्षक असा, दुकानदार असा की सेवानिवृत्त कारकून असा, या ना त्या वाटेने त्या धुरांड्याचे आपणही एक लहानसे सावकार आहोत.

परदेशी गिऱ्हाईक आणि देशी कायदा

आता दारे दोन्ही बाजूंनी आवळत आहेत. युरोपीय संघाने बाहेरून येणारे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्यावर सीमेवर कर्बवायूचा आकार घेण्याचा कायदा केला. 1 ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती देणे बंधनकारक होते. 1 जानेवारी 2026 पासून पैशाची जबाबदारी सुरू झाली. यात मोठ्या कारखान्याचे पोलाद येते, तसे लहान कारखानदाराचे स्क्रू-बोल्टही येतात. वर्ध्याजवळ भुगावला पोलादाचा कारखाना आहे. दिवाळखोरी संहितेखाली मालक बदलून तो पुन्हा चालू लागला. असे कारखाने आणि त्यांच्याभोवती जगणारे लहान उद्योग यांना यापुढे मालाच्या वजनाबरोबर त्या मालामागच्या वायूचेही वजन सांगावे लागणार. ज्याला ते सांगता येणार नाही, त्याच्या माथी ठोकळ आणि बहुधा चढा आकडा मारला जाईल. हिशेब न ठेवणारा माणूस सावकाराच्या वहीतल्या आकड्याला कसा बांधला जातो, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते!

देशात ऊर्जा संवर्धन कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, 2023 च्या जूनमध्ये कर्बवायूच्या पतपत्रांच्या खरेदीविक्रीची योजना जाहीर झाली, आणि 2025 साली सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद व क्लोर-अल्कली या उद्योगांना टनामागे किती वायू सोडावा याच्या मर्यादा घालून देणारे नियम आले. ‘सेबी’ने शेअरबाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरणविषयक जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. रिझर्व्ह बँकेने जुलै 2022 मध्ये हवामानाच्या जोखमीवर चर्चानिबंध काढला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये बँकांनी ही जोखीम कशी उघड करावी याचा मसुदा लोकांपुढे ठेवला.

व्याजात फरक खरोखर पडतो का?

येथवर झाली तात्त्विक बाजू. व्यवहारात पुरावा काय? तो संमिश्र आहे, आणि तो तसाच सांगितला पाहिजे.

अल्ट्राटेक सिमेंटचे चंद्रपूर जिल्ह्यात आवारपूरला आणि गडचांदूरला कारखाने आहेत. या कंपनीने फेब्रुवारी 2021 मध्ये 40 कोटी डॉलरचे दहा वर्षांचे कर्जरोखे 2.80 टक्के व्याजाने परदेशात विकले. त्यांत एक अट आहे: सिमेंटच्या टनामागे सुटणारा वायू 2030 पर्यंत 22.2 टक्क्यांनी खाली आणायचा. न आणल्यास व्याज चढेल. त्याच वर्षी सप्टेंबरात जेएसडब्ल्यू स्टीलने, जिचा एक मोठा कारखाना रायगड जिल्ह्यात डोलवीला आहे, 50 कोटी डॉलरचे रोखे 5.05 टक्क्यांनी विकले. तेथे मर्यादा पोलादाच्या टनामागे 1.95 टनांची आहे. पूर्वी करारात घर, जमीन, यंत्रे तारण असत. आता वचनही तारणासारखे लिहिले जाऊ लागले, आणि वचनभंगाचा दंड व्याजातच घातला गेला. ही गोष्ट नवी आहे. मात्र दंडाची रक्कम मूळ कर्जाच्या मानाने लहान असते, हेही लक्षात ठेवावे.

भारत सरकारने 25 जानेवारी 2023 रोजी पहिले हरित कर्जरोखे विकले. 8,000 कोटींचे, पाच वर्षांचे 7.10 आणि दहा वर्षांचे 7.29 टक्क्यांनी. साध्या रोख्यांच्या मानाने सवलत मिळाली ती एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावी, जेमतेम पाच-सहा हिस्से. पुढच्या विक्रींत तर ती टिकलीही नाही. म्हणजे ‘हरित’ हा शब्द लिहिला की पैसा स्वस्त होतो, हा समज सोडून द्यावा.

नॉर्वेच्या सरकारी निधीने 2016 सालापासून, कोळशावर तीस टक्के वा त्याहून अधिक अवलंबून असलेल्या कंपन्या आपल्या यादीतून वगळण्यास आरंभ केला. बाजारात गिऱ्हाईक घटले की कापसाचा भाव उतरतो. तसे धनको घटले की कर्जाचा भाव चढतो. परंतु एक धनको उठून गेला की त्याच्या जागी दुसरा येऊन बसत असेल, तर भाव फारसा हालत नाही. विद्वानांतही मतभेद आहेत. बोल्टन आणि कात्स्पेर्चिक या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी 2021 साली अमेरिकी कंपन्यांवरून दाखवले की, जास्त वायू सोडणाऱ्या कंपन्यांकडून भागधारक जास्त परतावा मागतात. इतरांनी उलट दाखवले की, यातले पुष्कळ आकडे कंपन्यांनी मोजलेले नसून त्रयस्थांनी अंदाजलेले आहेत, आणि मालाच्या मानाने वायू मोजला तर तो संबंध टिकत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर, आज व्याजात पडणारा फरक जोखमीच्या मानाने थोडा आहे. बाजाराने जोखीम हेरली आहे, पण तिची पुरती किंमत लावलेली नाही. असे असते तेव्हा धोका नाहीसा होत नाही. तो साठत जातो आणि एकदम बाहेर येतो.

मगनवाडीचा हिशेबतपासनीस

हा विचार वर्ध्याच्या मातीला परका नाही. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे येथे मगनवाडीत आले. त्याचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे पेशाने हिशेबतपासनीस. लंडनला ती विद्या शिकलेले आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहार अभ्यासलेले. बेचाळीसच्या लढ्यानंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. 1945 साली ते निघाले. त्यांनी संपत्तीचे दोन वर्ग केले: कोळसा, खनिज तेल, धातू यांसारखी साठ्याची संपत्ती, जी उपसली की संपते, आणि नदीच्या प्रवाहासारखी वाहती संपत्ती, जी वापरली तरी पुन्हा येत राहते. साठ्यावर उभारलेला संसार टिकाऊ नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता.

कुमारप्पांच्या काळी कर्बवायूची चर्चा नव्हती. तेव्हा त्यांनी हे सारे आधीच सांगितले होते, अशी बढाई मारण्याचे कारण नाही. परंतु त्यांची दृष्टी हिशेबतपासनीसाची होती, आणि तीच आज हवी आहे. ज्या वहीत जमा लिहिली आहे आणि देणे लिहिलेले नाही, ती वही खोटी. कारखान्याने हवेत सोडलेला प्रत्येक टन हे कोणाच्या तरी नावावर चढलेले देणे आहे. वहीत नाही म्हणून ते फिटले असे होत नाही. प्रश्न एवढाच की ते कोण फेडणार: मालक, गिऱ्हाईक, ठेवीदार, की सुकल्या बोंडांकडे पाहणारा कोरडवाहू शेतकरी, ज्याने ते कर्ज कधी काढलेच नव्हते?

न्याय कोठे बसतो?

येथे मला एका धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. जोखमीप्रमाणे व्याज, हे तत्त्व ऐकायला निर्दोष वाटते. परंतु ते आंधळेपणाने चालवले तर भार दुबळ्यावर पडतो. मोठी कंपनी तज्ज्ञ नेमते, अहवाल छापते, परदेशी रोखे विकते. एमआयडीसीतला दहा कामगारांचा कारखानदार यातले काही करू शकत नाही. तो वायू थोडा सोडत असला तरी कागद नाही म्हणून ‘धोक्याचा’ ठरतो. वणी-चंद्रपूरच्या कोळसाखाणींतील कामगाराचेही तसेच. खाणीची पत उतरली की भांडवल दुसरीकडे जाते. माणूस जाऊ शकत नाही. आणि देशादेशांत पाहिले तर भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन वायू सुटतो, अमेरिकेत सुमारे चौदा. आपण 2070 पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन 2021 साली ग्लासगोला दिले ते पाळावेच. पण जुन्या मोठ्या ऋणकोंनी लहान ऋणकोला पतीचे धडे देताना थोडी लाज बाळगावी, असे म्हटले तर ते गैर होणार नाही.

म्हणून महाग व्याजाच्या चाबकाबरोबर स्वस्त कर्जाचा हातही हवा. जुनी मोटार बदलणारा, भट्टीची उष्णता वाया न घालवणारा, जिनिंगच्या छपरावर सूर्याची वीज बसवणारा कारखानदार हा बँकेच्या दृष्टीने उद्याचा ओलिताचा शेतकरी आहे. त्याला आज कमी दराने पैसे देणे हे दानधर्माचे काम नसून शहाण्या सावकाराचे काम आहे.

आणि आपण? आपल्या हाती अगदीच काही नाही असे मानू नका. आपण ज्या बँकेत ठेव ठेवतो आणि ज्या पतसंस्थेचे सभासद आहोत, तिच्या वार्षिक सभेत चहा-बिस्किटे घेऊन परत येण्याऐवजी एक प्रश्न विचारता येईल: आपला पैसा कोणत्या धंद्यात किती वर्षांसाठी गुंतला आहे, आणि ते धंदे तितकी वर्षे टिकतील याचा विचार कोणी केला आहे काय? ज्यांचे शेअर आहेत त्यांनी कंपनीच्या अहवालातील नफ्याच्या पानाबरोबर उत्सर्जनाचे पानही वाचावे. तेथे तीन आकडे असतात: स्वतःच्या धुरांड्यातून गेलेला वायू, विकत घेतलेल्या विजेमागचा वायू, आणि कच्च्या मालापासून गिऱ्हाइकाच्या वापरापर्यंतचा वायू. तिसरा आकडा कोरा असेल तर का कोरा आहे, असे विचारावे. विचारणाऱ्यांची संख्या वाढली की लिहिणाऱ्यांचा हात सरळ होतो. सहकाराच्या चळवळीचा अनुभव याहून वेगळा नाही.

पत हा शब्द आपल्या भाषेत पैशालाही लागतो आणि माणसालाही लागतो. दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच आहे: दिलेले परत येईल हा विश्वास. हवेकडून, पाण्याकडून आणि पुढच्या पिढीकडून आपण जे उचलले आहे, ते परत करण्याची आपली दानत आहे की नाही, यावरच शेवटी कारखान्यांची, बँकांची आणि आपलीही पत ठरणार आहे.